कूलरचा हिशेब : वसतिगृहातील एका वादाच्या निमित्ताने

माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने मागील वर्षी शाळेपुढे एक उदार प्रस्ताव ठेवला. वसतिगृहातील मोठ्या शयनगृहाचे पत्र्याचे जुने कूलर काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी चार एसी बसवावेत. सर्व खर्च ते करतील. या प्रस्तावावर शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी यांची जी बैठक झाली, ती दोन तासांतही संपली नाही. एसी घ्यावा म्हणणाऱ्यांचे मुद्दे खरे होते, कूलर ठेवावा म्हणणाऱ्यांचेही खरे होते. दोन्ही बाजू खऱ्या असूनही निर्णय एकच घ्यावयाचा असतो, आणि तो का घेतला हे सर्वांना कळले पाहिजे. त्यासाठीच हा लेख.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु बैठकीत अधिक प्रश्न आम्हीच विचारले, म्हणून लिहिण्याचे कामही आमच्याकडेच आले. विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आणि आज वायरमनचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने हे लिखाण तपासून दिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा वाद चैनीचा नव्हता. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते. परीक्षा संपल्या की बहुतेक मुले आपापल्या गावी जातात; पण ज्यांचे आईवडील वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेले असतात, अशी काही मुले मे महिन्यातही वसतिगृहातच राहतात. बडनेऱ्याच्या उन्हात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्री झोपणाऱ्या या मुलांचा प्रश्न आमच्यासमोर होता.

माठ आणि कूलर

कूलरचे तत्त्व आपल्या घरातील माठाचेच आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. कूलरमध्ये पंप टाकीतील पाणी ताट्यांवर सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो आणि पाण्याला वाफ करण्यात हवेची उष्णता खर्च होऊन ती थंड होते. वीज लागते ती फक्त पंखा आणि पंप फिरविण्यापुरती. थंड करण्याचे खरे काम पाणी करते. म्हणूनच घरगुती कूलर सुमारे २०० वॉटवर चालतो, तर दीड टनाच्या एसीला पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे दीड हजार वॉट लागतात.

परंतु पाणी किती उडेल, हे हवा किती कोरडी आहे यावर ठरते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वारा दिला तर तो जे तापमान दाखवितो, त्याखाली कोणताही साधा कूलर हवा नेऊ शकत नाही. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे ओले तापमान २३ अंशांच्या आसपास असते. चांगल्या कूलरमधून येणारी हवा मग २७-२८ अंशांची होते. सोळा अंशांचा हा फरक कोणत्याही यंत्राला भूषणावह आहे. पण जुलै महिन्यात तापमान ३२ आणि आर्द्रता ८० टक्के झाली की ओले तापमानच २९ अंशांवर जाते. तेव्हा तोच कूलर दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही. उलट अंग चिकट होते. मुंबईत कूलर का चालत नाही आणि वऱ्हाडात घरोघरी का चालतो, याचे उत्तर यातच आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. एसी लावला की खिडक्या बंद कराव्या लागतात. कूलर लावला की त्या उघडाव्या लागतात. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतील आर्द्रता वाढत जाते आणि कूलर स्वतःचेच काम बिघडवितो. पुष्कळ घरांत थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात, आणि कूलर निकामी झाला अशी तक्रार करतात. यंत्र ठीक असते. खोली बंद असते.

ताटीच्या बाहेरचा माणूस

ओल्या ताटीतून वारा घेण्याची कल्पना जुनी आहे. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख आढळतो. इंग्रजांच्या काळात साहेबांच्या बंगल्यांना आणि कचेऱ्यांना उन्हाळ्यात अशा ताट्या लागत. हिंदीतील ‘टट्टी’ हा शब्द ‘टॅटी’ होऊन इंग्रजीतही गेला. एकोणिसाव्या शतकात तर ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र निघाले. एका पेटीत पंखा, पेटीच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि पंखा फिरविण्यासाठी दांडा. आजच्या कूलरचा सांगाडा त्यात जवळजवळ पूर्ण आहे. फरक एवढाच की दांडा माणूस फिरवीत असे, आणि ताटीवर पाणीही माणूसच मारीत असे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. आत बसलेल्याला गारवा मिळत होता. पण तो निर्माण करणारा माणूस ताटीच्या बाहेर, उन्हात उभा होता. पंखा ओढणारा आणि पाणी मारणारा यांचा घाम त्या सोयीच्या किमतीत धरला जात नव्हता. विजेने हा माणूस उन्हातून काढला, ही लहान गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. मुबलक आणि स्वस्त वीज हा देशाच्या औद्योगिक उभारणीचा पाया आहे, अशी मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. पाणी आणि वीज, कूलरला लागणाऱ्या या दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या दारापर्यंत याव्यात, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण यंत्र आले म्हणून ताटीबाहेरचा माणूस पूर्णपणे नाहीसा होतो असे नाही. पुष्कळदा तो जागा बदलतो. आमच्या वसतिगृहात तो कोठे होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पत्रा, पाणी आणि वीज

पत्र्याचा कूलर आपल्याकडे लोकप्रिय आहे त्याला सबळ कारणे आहेत. तो गावातच बनतो, गावातच दुरुस्त होतो. मोटर जळली तर बदलता येते, तळ सडला तर नवा पत्रा जोडता येतो, टाकी मोठी असते. पण याच पत्र्यातून वीज वाहते. पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या वायरचे आवरण विरले की विजेचा प्रवाह पाण्यात आणि पाण्यातून पत्र्यात उतरतो. एका पेटीत वीज, पाणी आणि लोखंड एकत्र ठेवणे हा या कूलरच्या रचनेतील मूळ धोका आहे. दर उन्हाळ्यात विदर्भातील वर्तमानपत्रांतून कूलरच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा, अर्थिंग तपासा, असे आवाहन महावितरणला दरवर्षी करावे लागते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या एका सायंकाळी आमच्या वसतिगृहात सातवीतील एक मुलगा कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होता. पंखा चालू होता, फरशी ओली होती. त्याचा हात पत्र्याला लागला आणि तो चिकटल्यासारखा झाला. दहावीतील एका मुलाने धावत जाऊन बोर्डावरचे बटण बंद केले, म्हणून तो वाचला. आज तो नोकरीला आहे. या स्मरणिकेत आनंदाच्या आठवणी पुष्कळ असतील. ही त्यांच्यात बसणारी नाही, तरीही तिची नोंद राहावी असे आम्हांस वाटते.

कारण तो कूलर हाताला झिणझिण्या आणतो, हे आम्हां शिक्षकांना आधीपासून ठाऊक होते. त्यावर आम्ही उपायही काढला होता : कूलरजवळ जाताना पायात रबरी चप्पल घालावी, असा नियम मुलांना सांगितला होता. त्या सायंकाळी मुलाच्या पायात चप्पल नव्हती. नियम मोडल्याचा दोष आम्ही पहिल्या क्षणी त्याच्यावरच ठेवला. पुढे आमच्या त्या वायरमन विद्यार्थ्याने बोर्ड उघडून पाहिला आणि म्हणाला, “सर, कूलर बदलून काही होणार नाही. थ्री पिनच्या तिसऱ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नाही. अर्थिंग आहे असं नुसतं दिसतं.”

त्याने पुढे जे समजावून सांगितले ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टचा प्रवाह अशा शरीरातून गेला तर तो २३० मिलिअँपिअर होतो, आणि हृदय बंद पडण्यास त्याहून पुष्कळ कमी पुरतो. पण बोर्डावरचा साधा फ्यूज किंवा एमसीबी पाच-सहा अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय पडत नाही. म्हणजे माणूस दगावला तरी त्याला काही झाल्याचे कळत नाही. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसासाठी निराळे उपकरण असते : आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडते.

मग प्लॅस्टिकचा, ज्याला आपण फायबरचा म्हणतो, तो कूलर का घेऊ नये? १९८८ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या सिंफनीसारख्या कंपन्यांनी असे कूलर घराघरांत पोचविले. त्यांची बॉडी वीज वाहून नेत नाही, गंजत नाही, दिसायलाही नीटस असते. पण घरगुती फायबर कूलरची टाकी व पंखा बहुधा लहान, त्यामुळे ३० मुलांच्या दालनाला तो अपुरा पडतो. बॉडीला तडा गेला तर जोडणे कठीण. आणि पाण्यात पंप असतोच, त्यामुळे अर्थिंगची गरज संपत नाही.

खारे पाणी आणि ताट्या

ताट्यांच्या बाबतीतही हीच ओढाताण आहे. लाकडाच्या बारीक कातरणाच्या ताट्या स्वस्त असतात, पण एका उन्हाळ्यात बसतात, कुजतात, आणि दरवर्षी बदलाव्या लागतात. मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे जाड कागदाचे हनीकोंब पॅड महाग, पण काही वर्षे टिकतात आणि पाणी सारखे पसरवितात. हिशेब सोपा वाटतो, परंतु वऱ्हाडात त्यात मीठ पडते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. भातकुली-दर्यापूरकडच्या मुलांना तर तो सांगावाच लागत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. टाकीतील पाणी दिवसेंदिवस अधिक खारे होते, पॅडच्या भोकांत पांढरा थर बसतो आणि पत्रा लवकर गंजतो. म्हणून टाकी नुसती भरत राहणे पुरेसे नसते. ती अधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागते.

नववीच्या मुलांनी या बैठकीसाठी एक सूचना पाठविली होती : आरओ यंत्रातून जे पाणी वाया जाते ते कूलरला वापरावे. सूचना अतिशय चांगल्या मनाची होती. पण आरओ जे पाणी बाहेर टाकतो त्यात मूळ पाण्यातील क्षार अधिकच दाट झालेले असतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे ते पाणी पॅडला दुप्पट वेगाने मारील. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी ते पाणी फरशी पुसण्याकडे वळविले.

टाकी रिकामी करण्याचे दुसरे कारण डेंग्यूचे आहे. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासली तर ही साखळी तुटते; आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ याच गणितावर उभा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बंद केलेला आणि पाणी तसेच ठेवलेला कूलर चालू कूलरपेक्षा अधिक घातक असतो.

आणि पाणी किती? कोरड्या उन्हाळ्यात आमच्या एका मोठ्या कूलरला एका रात्रीत १०० लिटरच्या आसपास पाणी लागते. दोन कूलरच्या पाण्यात ६० मुलांचे दिवसभराचे पिण्याचे पाणी भागेल. अप्पर वर्धा धरणाचे पाणी सिंभोऱ्याहून अमरावती-बडनेऱ्याला येते; ते येण्यात एखादा दिवस खंड पडला की या आकड्याचा अर्थ कळतो.

एसीचा हिशेब

एसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक मुद्दा असा मांडला की त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. वसतिगृह मुलांनी पूर्ण भरते त्याच सुमारास हवा दमट होते आणि कूलर थकतो. एसी मात्र हवेतील ओलावाही काढतो. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

परंतु चार एसी पूर्ण भाराने चालले तर तासाला सुमारे सहा युनिट, रात्रीच्या दहा तासांत ६० युनिट वीज जाईल. दोन मोठ्या कूलरना तेवढ्या वेळात दहाएक युनिट पुरतील. हे बिल देणगीत धरलेले नव्हते. ते दरमहा शाळेवर, म्हणजे शेवटी मुलांच्या ताटावर पडणार. जुन्या वायरिंगला तो भार पेलणार नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन ज्यांनी येथे भोगले, ते जाणतात की कूलरचा पंखा इन्व्हर्टरवर ढकलता येतो. चार एसी नाही. शिवाय भिंतीवरचा एसी खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवितो. ३० मुले बंद दालनात रात्रभर त्याच हवेत श्वास घेणार. एकाला सर्दी-खोकला झाला की तो सर्वांचा. कूलर प्रत्येक क्षणी बाहेरची नवी हवा आत आणतो. आणि एसी उष्णता नाहीशी करीत नाही, ती भिंतीपलीकडे टाकतो. आमच्या शयनगृहाच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. तेथे काम करणाऱ्या बाया चुलीच्या आचेत आधीच भाजून निघतात.

बैठकीत एक माजी विद्यार्थी कळकळीने म्हणाले, “सर, आम्ही सोसलं म्हणून यांनीही सोसावं का? मोठ्यांच्या पोरांना एसी आणि आपल्या पोरांना कूलर, हीच का समता?” हा प्रश्न आमच्या मनाला लागला, कारण त्यामागे स्वतः भोगलेला उन्हाळा होता. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे लिहितो. सारखे यंत्र मिळणे ही समता खरीच. पण त्याआधीची समता ही की यंत्राची उणीव सर्वांत लहानाच्या अंगावर पडू नये. आम्ही चपलेचा नियम केला तेव्हा यंत्राचा दोष सातवीतल्या मुलाच्या पायांवर ढकलला होता. ताटीबाहेरचा माणूस आमच्या वसतिगृहात बादली घेऊन उभा होता. एसी आणला आणि वायरिंग तेच ठेवले, तर तो माणूस पुन्हा दुसरीकडे उभा राहील.

काय ठरले

शेवटी पुढीलप्रमाणे ठरले. आजारी मुलांच्या खोलीसाठी एक एसी घ्यावा, कारण तापाने फणफणलेल्या मुलाला दमट कूलर उपयोगाचा नाही. उरलेल्या देणगीतून प्रथम संपूर्ण वसतिगृहाचे अर्थिंग नव्याने करावे आणि प्रत्येक दालनास आरसीसीबी बसवावा. कूलर पत्र्याचेच, पण हनीकोंब पॅडचे. त्यांना नळाचे पाणी पाइपने आणि आपोआप बंद होणाऱ्या कॉकने मिळावे, म्हणजे बादली घेऊन कोणी मूल जवळ जाणार नाही. टाकी धुण्याचे काम मुलांचे नव्हे, शाळेचे. प्लग काढून, दर शनिवारी. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहाव्यात. आणि स्लॅबला दर फेब्रुवारीत पांढरा चुना द्यावा. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा जो आराखडा केला, त्यानंतर तेथे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम पुढे आले. उष्णता आत येऊच न देणे हे ती आत आल्यावर काढण्यापेक्षा स्वस्त पडते.

हा निर्णय सर्वांना रुचला असे नाही. दोन देणगीदार आजही नाराज आहेत. जून-जुलैतील दमट रात्रींचे उत्तर आमच्याकडे नाही, हे आम्ही त्यांच्यापासून लपविलेले नाही. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे शयनगृहातील तापमान व आर्द्रता मुलांकडून रोज वहीत लिहून घ्यावी आणि मग हा प्रश्न पुन्हा बैठकीपुढे आणावा, असे ठरले आहे. ती वही दालनाच्या दाराशी टांगलेली आहे.

वाचकांनी आपल्या घरी एवढे अवश्य करावे. या उन्हाळ्यात कूलर बाहेर काढण्यापूर्वी वायरमनला बोलवावे आणि थ्री पिनच्या मागे अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे की नाही, हे त्याच्याकडून तपासून घ्यावे. कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मुलांना चप्पल घालायला सांगू नये. कूलर बंद करावा.